दुब्रोव्हनिक : तराजू आणि तह यांचे नगर

आड्रियाटिक समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावर, क्रोएशियाच्या अगदी दक्षिणेकडील चिंचोळ्या पट्टीत दुब्रोव्हनिक हे तटबंदीचे नगर वसले आहे. आजचे बहुतेक प्रवासी विमानाने किंवा मोठ्या सफरी जहाजाने येथे पोहोचतात आणि पश्चिमेकडील पिले वेशीतून आत शिरतात. परंतु हे नगर ज्याला समजून घ्यावयाचे आहे, त्याने पूर्वेकडील प्लोचे वेशीने यावे. चारशे वर्षांपूर्वी बोस्निया आणि सर्बियाच्या डोंगरांतून निघालेले घोड्यांचे तांडे याच बाजूने समुद्राकडे उतरत. त्यांच्या पाठीवर लोकर, मेण आणि कातडी असे. त्याही आधीच्या काळात चांदी आणि शिसे असे. परत जाताना तेच घोडे मीठ आणि इटालियन कापड घेऊन डोंगर चढत. डोंगरापलीकडे तुर्की सुलतानाचे राज्य होते, समुद्रापलीकडे ख्रिस्ती सत्ता होत्या, आणि या दोहोंच्या मधोमध दगडी तटाने वेढलेले हे चिमुकले प्रजासत्ताक होते. त्या काळी त्याचे नाव रागूसा. संपूर्ण प्रजासत्ताकाची वस्ती एक लाखाहूनही कमी होती. तरीही चौदाव्या शतकाच्या मध्यापासून एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत, म्हणजे सुमारे साडेचारशे वर्षे, त्याने आपला कारभार आपल्या हाती राखला.

हे कसे साधले, याचे उत्तर दुब्रोव्हनिकच्या दगडांत जागोजागी कोरलेले आहे. व्यापाराचे धोरण आणि परराष्ट्रांशी असलेले संबंध या दोन गोष्टी या नगराने कधी वेगवेगळ्या मानल्याच नाहीत. त्याचा जमाखर्च आणि त्याचे तहनामे एकाच छपराखाली, बहुधा त्याच माणसांच्या हातून लिहिले गेले.

वेशीबाहेरचा मुक्काम

प्लोचे वेशीच्या बाहेर, समुद्राला लागून, दहा लांबट दगडी दालनांची एक रांग उभी आहे. हिला ‘लाझारेती’ म्हणतात. तिचे बांधकाम सोळाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाले आणि सतराव्या शतकाच्या मध्यापर्यंत चालले. आज तेथे कारागिरांची दालने आहेत, संध्याकाळी लोकनृत्याचे कार्यक्रम होतात. मूळची मात्र ती विलगीकरणाची जागा. तांड्याबरोबर आलेली माणसे आणि त्यांचा माल यांना नगरात प्रवेश मिळण्यापूर्वी येथे काही दिवस थांबावे लागे.

या प्रथेचे मूळ १३७७ सालच्या कायद्यात आहे. प्लेगने युरोपातील नगरे ओस पडत असताना दुब्रोव्हनिकच्या महासभेने ठरविले की, रोगग्रस्त प्रदेशातून येणाऱ्याने आधी जवळच्या त्साव्हतात गावी किंवा किनाऱ्यासमोरील मर्कान बेटावर तीस दिवस काढावेत आणि मगच नगरात यावे. विलगीकरणाचा हा जगातील अगदी आरंभीचा कायदा मानला जातो. इतरत्र भयभीत नगरे आपल्या वेशी बंद करून घेत होती. दुब्रोव्हनिकला तो मार्ग मोकळा नव्हता. पाठीशी खडकाळ डोंगर, पुढे समुद्र; शेती अगदी थोडी आणि धान्य बाहेरून यायचे. वेस बंद करणे म्हणजे पोट बंद करणे, शिवाय ज्या शेजाऱ्यांचा माल अडेल त्यांचा रोषही ओढवून घेणे. म्हणून वेस उघडीही नाही आणि बंदही नाही, अशी मधली वाट या नगराने काढली. नगराचे आरोग्य, व्यापार आणि शेजारधर्म या तिन्हींचा विचार त्या एका कायद्यात झाला होता.

लाझारेतीच्या याच परिसरात सुलतानाचा ‘एमीन’ नावाचा अधिकारी राहत असे. तुर्की प्रजाजनांच्या मालाविषयी तंटा उद्भवला, तर तो वेशीबाहेरच मिटावा, हा त्यामागचा हेतू. परक्या सत्तेचा अधिकारी नगराच्या दाराशी बसवून घेणे अनेकांना कमीपणाचे वाटले असते. दुब्रोव्हनिकच्या धुरीणांनी मात्र हिशेब निराळा मांडला. एका मालाच्या तंट्यावरून सैन्य चालून येण्यापेक्षा, तो तंटा ऐकणारा माणूस दाराशी असणे स्वस्त.

स्पोंझाची कमान

वेस ओलांडून आत आले की लुझा चौक लागतो, आणि चौकाच्या कडेला स्पोंझा नावाचा वाडा दिसतो. १५१६ ते १५२२ या काळात पास्कोये मिलिचेविच या स्थानिक स्थपतीच्या आराखड्यानुसार तो उभा राहिला. येथे नगराचा जकातनाका होता. टांकसाळ आणि कोषागारही येथेच होते. मधल्या चौकाभोवती दुमजली कमानी आहेत आणि तळमजल्यावर मालाच्या वखारी. समुद्रमार्गे किंवा डोंगरमार्गे आलेला माल येथे तोलला जाई, त्यावर जकात आकारली जाई आणि मगच तो बाजारात जाई.

चौकाच्या एका कमानीवर लॅटिन भाषेतील एक लेख कोरलेला आहे. त्याचा आशय असा : आमची वजने कोणाला फसवू देत नाहीत आणि स्वतः फसतही नाहीत, मी माल तोलत असतो, तेव्हा देव मला तोलत असतो. जैन व्यापारी कुटुंबातील कोणीही या कमानीखाली क्षणभर थबकेल. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्याणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत ‘हीनाधिकमानोन्मान’ म्हणजे देताना कमी आणि घेताना अधिक मापणे, हा एक आहे. हजारो कोसांवरच्या, वेगळ्या धर्माच्या नगराने तीच मर्यादा आपल्या जकातनाक्यावर कोरून ठेवावी, यात नवल वाटण्यासारखे काही नाही. तराजूवर विश्वास नसेल तर परमुलखातला व्यापारी दुसऱ्यांदा येत नाही, ही गोष्ट सर्व देशांतील पेढ्यांना सारखीच ठाऊक असते.

मात्र दुब्रोव्हनिकच्या बाबतीत या लेखाला आणखी एक अर्थ होता. ज्याच्याजवळ मोठे सैन्य नाही, त्याची पत हेच त्याचे सैन्य. सुलतानाच्या प्रजेला येथे खोटे माप मिळाले असते, तर त्याची दाद इस्तंबूलच्या दरबारात लागली असती. म्हणजे काट्यावर बसलेला कारकूनही एका अर्थाने नगराचे परराष्ट्रीय काम करीत होता.

एका महिन्याचा प्रमुख

स्पोंझापासून थोड्या पावलांवर प्रजासत्ताकाच्या प्रमुखाचा वाडा आहे. या प्रमुखाला ‘क्नेझ’ म्हणत. त्याची मुदत अवघी एक महिन्याची असे. त्या महिन्यात त्याने याच वाड्यात राहावे आणि सरकारी कामाखेरीज बाहेर पडू नये, असा दंडक होता. नगराच्या वेशींच्या किल्ल्या रात्री त्याच्या वाड्यात येत. महिना संपला की दुसरा प्रमुख येई. कोणा एका घराण्याने सत्ता बळकावू नये, यासाठी ही तजवीज होती. खरा कारभार सिनेट पाहत असे. त्यात बसणारे सरदार स्वतः जहाजांचे, मालाचे आणि भांडवलाचे मालक होते. जकातीचा दर, मिठाची विक्री, कोणत्या दरबारी कोणता दूत पाठवावा, त्याने काय बोलावे आणि काय बोलू नये, हे सारे याच सभेत ठरे.

अशा रचनेत एक उघड धोका असतो. व्यापारी स्वतःच राज्य चालवू लागला की राज्याचे धोरण त्याच्या पेढीच्या नफ्याकडे वळू शकते. हा धोका दुब्रोव्हनिकच्या लोकांना ठाऊक होता. म्हणूनच महासभेच्या दालनाच्या दारावर त्यांनी लॅटिनमध्ये कोरून ठेवले की, खासगी गोष्टी विसरा आणि सार्वजनिक हिताची काळजी घ्या. हा उपदेश प्रत्येक वेळी पाळला गेलाच असेल असे नाही. पण दारातून आत जाणाऱ्या प्रत्येकाला तो वाचावा लागे.

वाड्याच्या अंगणात मिहो प्रात्सात या व्यापाऱ्याचा अर्धपुतळा आहे. जवळच्या लोपुद बेटावरचा हा जहाजमालक जन्माने सरदार नव्हता. १६०७ मध्ये तो वारला, तेव्हा त्याने आपल्या अफाट संपत्तीचा मोठा वाटा प्रजासत्ताकाला दिला होता. १६३८ मध्ये त्याचा पुतळा येथे बसविण्यात आला. व्यक्तिपूजेची भीती बाळगणाऱ्या या प्रजासत्ताकाने सामान्य कुळातील ज्याचा पुतळा उभारला, असा हा एकच नागरिक.

खंडणीचा हिशेब

१३५८ पर्यंत दीडशे वर्षे हे नगर व्हेनिसच्या अंमलाखाली होते. त्या वर्षी हंगेरीच्या राजाचे नाममात्र आधिपत्य स्वीकारून त्याने व्हेनिसपासून सुटका करून घेतली. पंधराव्या शतकात तुर्कांची सत्ता बाल्कन प्रदेशात पसरू लागली, तेव्हा सिनेटपुढे प्रश्न उभा राहिला. लढावे, शरण जावे, की काही देऊन वाट काढावी? आरंभी थोडी रक्कम देऊन करार झाला. ती वाढत गेली, आणि १४८१ पासून वर्षाला १२,५०० सोन्याचे डुकाट ही खंडणी ठरली. पुढे जवळजवळ दोन शतके तोच आकडा कायम राहिला.

मराठेशाहीत ज्यांना ‘वकील’ म्हणत, तसे दोन प्रतिष्ठित दूत ही रक्कम आणि नजराणे घेऊन दरवर्षी इस्तंबूलला जात. कित्येक आठवड्यांचा तो डोंगरी प्रवास. पुढले दूत येईपर्यंत त्यांनी दरबाराजवळ राहावे, कोण वजीर उगवता आहे आणि कोण मावळता, हे पाहावे आणि घरी कळवावे, अशी रीत होती.

खंडणी देऊन नगराला काय मिळाले? पहिली गोष्ट म्हणजे अंतर्गत कारभारात ढवळाढवळ नाही. दुसरी म्हणजे सुलतानाच्या मुलखात मुक्त संचार. तिसरी म्हणजे जकातीची सवलत : बाल्कन मुलखात विकलेल्या मालावर दुब्रोव्हनिकच्या व्यापाऱ्यांना साधारणपणे २ टक्केच जकात पडे, इतर ख्रिस्ती राष्ट्रांच्या व्यापाऱ्यांना याहून अधिक भरावी लागे. त्यामुळे सोफिया, साराजेव्हो, बेलग्रेड अशा गावांत त्यांच्या वसाहती आणि पेढ्या उभ्या राहिल्या. खंडणी हा त्यांच्या लेखी अपमानाचा आकडा नव्हता. खतावणीत एका बाजूला ती रक्कम आणि दुसऱ्या बाजूला शांतता, रस्ता आणि सवलत अशी त्यांची मांडणी होती.

दुसरीकडे हे कॅथलिक नगर होते, आणि मुसलमानी सत्तांशी व्यापार करण्याला धर्मपीठाची बंदी होती. नगराने चोरवाट धरली नाही. १४३३ मध्ये बाझेल येथे भरलेल्या धर्मपरिषदेकडून त्याने व्यापाराची रीतसर परवानगी मिळविली. येथेही जैन आचारधर्मातील एक संज्ञा आठवते. अचौर्याणुव्रताच्या त्याच पाच अतिचारांत ‘विरुद्धराज्यातिक्रम’ आहे. राज्याराज्यांत विरोध असताना राजाज्ञा डावलून, मर्यादा ओलांडून केलेला व्यवहार हा दोष मानला आहे. दोन वैरी राज्यांमध्ये उभ्या असलेल्या व्यापाऱ्याची ही अडचण फार जुनी आहे. ती सोडविण्याचे काम एकट्या व्यापाऱ्याचे नाही. सीमेपलीकडे जाण्याचा सरळ रस्ता त्याच्या राज्याने तहाने खुला करून दिला, तरच त्याला आडवाटेचा मोह टाळणे सोपे जाते. दुब्रोव्हनिकने आपल्या व्यापाऱ्यांसाठी नेमके तेच केले.

१५७० ते १५७३ या काळात सायप्रसच्या प्रश्नावरून व्हेनिस आणि तुर्क यांच्यात युद्ध पेटले. दुब्रोव्हनिक तटस्थ राहिले. पूर्व आणि पश्चिम यांच्यातला माल त्याच्या बंदरातून वाहू लागला आणि स्पोंझातील जकातीचे उत्पन्न कित्येक पटींनी वाढले. अर्थात या तटस्थतेची एक काळी बाजूही होती. नगराचे दूत आणि व्यापारी दोन्ही बाजूंची बातमी दोन्ही बाजूंना पुरवीत, आणि माहिती हादेखील त्यांच्या व्यापाराचा एक माल होता. व्हेनिसने याचा राग मनात ठेवला. १५९२ मध्ये त्याने उत्तरेकडील स्प्लिट बंदर तांड्यांसाठी खुले केले आणि दुब्रोव्हनिककडे जाणारा माल तिकडे वळविला. शेजाऱ्याच्या संकटात मिळालेला नफा त्याच शेजाऱ्याला स्पर्धक बनवून गेला.

जे विकायचे नाही

सवलती विकत घेणाऱ्या या नगराने काही गोष्टी मात्र विक्रीतून बाहेर काढल्या. १४१६ च्या जानेवारीत महासभेने आपल्या नागरिकांना गुलामांच्या व्यापाराची बंदी केली आणि ती मोडणाऱ्यास कैदेची शिक्षा ठरविली. त्या काळी बोस्नियाच्या अंतर्भागातून माणसे आणून समुद्रापार विकण्याचा धंदा नफ्याचा होता. माणसाला जनावराप्रमाणे विकणे हे नीच आणि नगराला लाजिरवाणे कृत्य आहे, असे कारण त्या ठरावात दिले होते. घरगुती दास्य त्यामुळे एका दिवसात संपले नाही. तरीही युरोपातील इतर बंदरांत हा व्यापार पुढे कित्येक शतके चालू होता, हे ध्यानात घेतले म्हणजे या निर्णयाचे मोल कळते. अहिंसेला आपल्या व्यापाराची कसोटी मानणाऱ्या वाचकाला नगराच्या जमाखर्चातील हे पान विशेष जवळचे वाटावे.

नगराची खरी परीक्षा सतराव्या शतकात झाली. ६ एप्रिल १६६७ रोजी भीषण भूकंप झाला. हजारो माणसे दगावली, प्रजासत्ताकाचा तत्कालीन प्रमुखही त्यात गेला. स्पोंझा वाडा मात्र उभा राहिला. आजच्या स्त्रादुन या मुख्य रस्त्यावर दोन्ही बाजूंना एकसारखी, साधी दगडी घरे दिसतात. ती या भूकंपानंतर बांधलेली आहेत. खाली दुकान, वर घर, हा त्यांचा आराखडा भारतातल्या कोणत्याही जुन्या पेठेची आठवण करून देतो.

नगर असे मोडून पडलेले असताना तुर्की वजीर कारा मुस्तफा याने जकातीच्या जुन्या आकारणीचे निमित्त पुढे करून प्रचंड रकमेची मागणी केली. खंडणी ठरलेली होती, ती दिली जात होती. ही मागणी त्यापलीकडची होती. ती मान्य केली असती तर कराराचा अर्थच उरला नसता, कारण आज वाढीव रक्कम देणाऱ्याकडे उद्या आणखी मागितली जाते. सिनेटने दूत पाठविले आणि त्यांना बजावले की, नगराच्या स्वातंत्र्याला बाध येईल असे काहीही कबूल करू नये. मारोयिका काबोगा इस्तंबूलला गेला आणि तुरुंगात पडला. निकोला बुनिच बोस्नियाच्या पाशाकडे गेला. भूकंपानंतर नगर पुन्हा उभे करण्यात तो पुढे होता. त्यालाही कैद झाली आणि १६७८ मध्ये डॅन्यूब नदीकाठच्या सिलिस्त्रा येथील तुरुंगात त्याचा अंत झाला. १६८३ मध्ये व्हिएन्नाच्या वेढ्यात कारा मुस्तफाचा पराभव झाला आणि त्याच वर्षाअखेर सुलतानाने त्याला देहदंड दिला. तेव्हा कुठे कैदेतले दूत सुटले. महासभेने आपल्या दालनात बुनिचच्या स्मरणार्थ लेख कोरविला.

तटाच्या पश्चिमेला, समुद्रात घुसलेल्या उंच खडकावर लोव्हरियेनाट्स नावाचा किल्ला आहे. त्याच्या दारावर लॅटिनमध्ये लिहिले आहे की, जगातल्या सर्व सोन्याच्या मोबदल्यातही स्वातंत्र्य विकणे बरे नाही. दरवर्षी १२,५०० डुकाट मोजणाऱ्या नगराच्या तोंडी हे वाक्य प्रथम विसंगत वाटते. परंतु बुनिचची कथा ठाऊक झाल्यावर विसंगती उरत नाही. सोने देऊन स्वातंत्र्य राखणे ही एक गोष्ट आणि सोन्यासाठी ते देऊन टाकणे ही दुसरी. या दोहोंमधली रेषा कोठे आहे, हे सिनेटला नेमके ठाऊक होते. त्या रेषेची किंमत मात्र सिनेटच्या बाकावर बसून चुकविता आली नाही. ती सिलिस्त्राच्या कोठडीत एका माणसाने चुकविली.

तटस्थतेची मर्यादा

अठराव्या शतकात दुब्रोव्हनिकची जहाजे तटस्थ निशाणाखाली पुन्हा सर्वत्र फिरू लागली. भूमध्य समुद्राच्या बंदरांत आणि त्यापलीकडे त्याच्या ८० हून अधिक वकिलाती होत्या. मोठ्या मालवाहू जहाजाला इंग्रजीत जो ‘आर्गोसी’ शब्द आहे, तोही रागूसा या नावावरूनच आलेला. भारताशीही या नगराच्या नात्याचा एक धागा सांगितला जातो. दुब्रोव्हनिकचा रक्षक संत म्हणजे सेंट ब्लेझ. हातावर नगराची प्रतिकृती घेतलेली त्याची मूर्ती वेशींवर दिसते. जुन्या गोव्याजवळील गवंडाळी येथे याच संताच्या नावाचे चर्च आहे, आणि परंपरा त्याचा संबंध रागूसाच्या व्यापाऱ्यांशी जोडते.

परंतु नेपोलियनच्या युद्धांत तटस्थतेचा आधार सुटला. जुनी नीती एका गृहीतावर उभी होती : दोन्ही बाजूंना मधल्या दाराची गरज आहे, म्हणून दोघेही ते मोडणार नाहीत. फ्रान्स आणि रशिया यांना दार नको होते. त्यांना तटबंदीचे ठाणे हवे होते. मे १८०६ मध्ये फ्रेंच सैन्य नगरात शिरले. रशियन आणि माँटेनेग्रोच्या फौजांनी वेढा घातला, उपनगरे जाळली. ३१ जानेवारी १८०८ रोजी जनरल मार्मोंच्या आज्ञेने सिनेट बरखास्त झाली आणि प्रजासत्ताक संपले. १८१५ मध्ये व्हिएन्नाच्या परिषदेने हे नगर ऑस्ट्रियाला दिले. ज्या व्यापाराच्या बळावर नगराने शतकानुशतके आपली गरज पटवून दिली होती, तो व्यापारच नको असणारा प्रतिपक्ष समोर आला, तेव्हा त्याच्याशी बोलण्याची भाषा नगराजवळ नव्हती.

स्पोंझा वाड्यात आज राज्य अभिलेखागार आहे. सुलतानांची फर्माने, सिनेटचे ठराव, व्यापारी करार तेथे जपलेले आहेत. त्याच वाड्याच्या एका दालनात १९९१ ते १९९५ च्या युद्धात नगराचे रक्षण करताना मृत्यू पावलेल्यांची छायाचित्रे लावली आहेत. ६ डिसेंबर १९९१ रोजी या जुन्या नगरावर तोफगोळ्यांचा वर्षाव झाला. १९७९ पासून ते जागतिक वारशाच्या यादीत होते, तरीही. जुन्या जकातनाक्यात ती छायाचित्रे पाहिल्यावर माणूस काही वेळ गप्प राहतो. बाहेर गुंडुलिच चौकात सकाळचा बाजार भरलेला असतो. वाळलेली अंजिरे, बदाम, साखरेत घोळलेल्या संत्र्याच्या साली आणि लॅव्हेंडरच्या पुरचुंड्या मांडून स्त्रिया बसलेल्या असतात.

मीठ, किनारा आणि पूल

दुब्रोव्हनिकहून वायव्येकडे सुमारे तासाभराच्या अंतरावर स्तोन हे गाव लागते. १३३३ मध्ये पेल्येशाट्स द्वीपकल्पासह ते प्रजासत्ताकाच्या ताब्यात आले, आणि त्याच्या रक्षणासाठी डोंगरावरून लांबच लांब भिंत बांधण्यात आली. आज तिचा सुमारे साडेपाच किलोमीटरचा भाग उभा आहे. एवढी भिंत कशासाठी? मिठासाठी. येथील मिठागरे आजही चालू आहेत. समुद्रापासून दूर असलेल्या बाल्कन प्रदेशाला मीठ अत्यावश्यक होते, म्हणून त्याचा व्यापार राज्याने आपल्या हाती ठेवला. कोणाला, कोठे, किती दराने मीठ द्यावयाचे, हा बाजारभावाचा प्रश्न होता तसाच शेजाऱ्यांशी असलेल्या नात्याचाही.

स्तोनच्या पुढे किनाऱ्यावर नकाशात एक विचित्र खाच दिसते. क्रोएशियाचा किनारा अचानक तुटतो आणि नेउम गावाभोवतीची सुमारे २० किलोमीटरची पट्टी बोस्नियाची असते. ही खाच दुब्रोव्हनिकच्याच धोरणातून पडली. १६९९ च्या कार्लोव्हिट्झ तहाच्या वेळी व्हेनिसचा मुलूख आपल्या सीमेला भिडण्याचे भय नगराला होते. मोठ्या आणि जवळच्या व्यापारी प्रतिस्पर्ध्यापेक्षा दूरचा सुलतान बरा, असा विचार करून आपल्या दोन्ही टोकांना तुर्की मुलखाची पट्टी मध्ये राहील अशी व्यवस्था त्याने करून घेतली. त्यांतील उत्तरेकडची पट्टी म्हणजे नेउम.

तीन शतकांनी, युगोस्लाव्हिया विभागल्यावर, हीच पट्टी आंतरराष्ट्रीय सीमा झाली. दुब्रोव्हनिकहून स्वतःच्या राजधानीला जाणाऱ्या मालमोटारीला दोन वेळा सीमा ओलांडावी लागू लागली. २०१३ मध्ये क्रोएशिया युरोपीय संघात आला, तेव्हा तर ही संघाची बाहेरची सीमा ठरली. उपाय म्हणून समुद्रावर पेल्येशाट्स पूल बांधण्यात आला. २,४०४ मीटर लांबीचा हा पूल २६ जुलै २०२२ रोजी खुला झाला. त्यासाठी युरोपीय संघाने ३५.७ कोटी युरो दिले, बांधकाम एका चिनी सरकारी कंपनीच्या नेतृत्वाखाली झाले, आणि बोस्नियाची जहाजे नेउमला जाऊ शकावीत म्हणून पुलाखाली ५५ मीटर उंचीची मोकळी जागा ठेवावी लागली. एका पुलात तीन परराष्ट्रसंबंध सामावले आहेत.

आज क्रोएशियाचा आयात कर झाग्रेबमध्ये ठरत नाही. युरोपीय संघाचे व्यापारधोरण सामायिक आहे. ते ब्रुसेल्समध्ये ठरते. परराष्ट्रधोरणाचे मोठे निर्णय, उदाहरणार्थ एखाद्या देशावरील निर्बंध, सर्व सदस्य देशांच्या एकमताने घ्यावे लागतात. एका मेजावर जकात आणि दुसऱ्या मेजावर तह, अशी ही व्यवस्था आहे, आणि दोन मेजांचा मेळ बसविणे हे आजच्या मोठमोठ्या राज्यांचेही अवघड काम आहे. मेळ बसला नाही तर एक खाते ज्या देशाशी करार करते, दुसरे खाते त्याच देशाशी भांडते, आणि मधल्या मध्ये बंदरावर माल अडकलेला व्यापारी तिष्ठत राहतो. हे दुःख कोणत्या देशाच्या व्यापाऱ्याला समजावून सांगावे लागत नाही.

संध्याकाळी पुलावरून परतताना डाव्या हाताला नेउमचे दिवे लागलेले दिसतात आणि समोर पेल्येशाट्सचे डोंगर अंधारत जातात. त्या डोंगरांपलीकडे स्तोनच्या मिठागरांत पाणी आटत असते, आणि आणखी दक्षिणेला, स्पोंझाच्या रिकाम्या चौकात, काटा केव्हाच उचलला गेला असला तरी कमानीवरचा लेख जागेवर असतो.